अनेक दीर्घकालीन आजारांसाठी रुग्णकेंद्री उपचार सुरू करताना प्रगती कशी मोजावी: नवख्यांसाठी मार्गदर्शक

तालुक्याच्या दवाखान्यात एनसीडी (म्हणजे असंसर्गजन्य आजारांच्या) ओपीडीच्या दिवशी येणाऱ्या एका आजी डोळ्यासमोर आणाव्यात. वय पासष्टीच्या आसपास, मधुमेहाला बारा वर्षे झालेली, रक्तदाबाच्या दोन गोळ्या, थायरॉइडची एक, आणि गुडघे असे की जमिनीवरून उठताना खाटेचा आधार लागतो. शुगरच्या रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे ‘नियंत्रणात’ असे लिहिलेले आहे आणि बीपीच्या रजिस्टरमध्येही तेच लिहिलेले आहे. मात्र गेल्या महिन्यात पहाटे चक्कर येऊन त्या मोरीत पडल्या, तेव्हापासून लेकीकडे जाणे बंद केले आणि भीतीपोटी एक गोळी अर्धीच घेऊ लागल्या. या तीन गोष्टींसाठी कोणत्याही रजिस्टरमध्ये रकाना नाही. कागदावर दोन्ही आजार आटोक्यात आहेत आणि माणूस मात्र मागे गेला आहे.

रुग्णकेंद्री उपचार म्हणजे आजींच्या चारही आजारांचा एकत्र विचार करणे, त्यांना स्वतःला काय हवे आहे ते विचारणे आणि त्यानुसार औषधे, तपासण्या व भेटी ठरवणे. हे काम सुरू करणारे डॉक्टर, परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी किंवा एखाद्या धर्मादाय रुग्णालयाचे समन्वयक सहा महिन्यांनी एकाच प्रश्नापाशी अडतात: काही सुधारले का, आणि सुधारले असे म्हणायचे तर कशाच्या आधारावर? हा लेख त्यांच्यासाठी आहे.

पायरी १: काय बदलणार आहोत ते एका पानावर लिहावे

‘रुग्णकेंद्री सेवा’ हा शब्द मोजता येत नाही; त्याखाली प्रत्यक्ष काय घडणार ते मोजता येते. म्हणून आधी तीन-चार ठोस बदल लिहून काढावेत. उदाहरणार्थ, बीपीसाठी मंगळवार आणि शुगरसाठी गुरुवार असे वेगळे दिवस न ठेवता सर्व आजारांची एकच भेट. दर सहा महिन्यांनी एक सावकाश, निदान वीस मिनिटांची भेट. त्या भेटीत रुग्णाचे एक उद्दिष्ट केस पेपरवर लिहिणे. आणि घरातील सगळ्या औषधांची उलटतपासणी. हे काम कोणासाठी आहे, हेही त्याच पानावर ठरवावे. एका व्यक्तीला दोन किंवा अधिक दीर्घकालीन आजार असणे ही बहुआजाराची सर्वमान्य व्याख्या आहे, परंतु ती लावली तर ओपीडीतील निम्मी रांग त्यात बसते. सुरुवातीला तीन किंवा अधिक आजार, अथवा रोज पाच किंवा अधिक औषधे, अशी मर्यादा घातल्यास काम आवाक्यात राहते.

या पानावर तारीख टाकावी. बदल नेमका कधीपासून लागू झाला हे वर्षभराने कोणालाही आठवत नाही, आणि तारखेशिवाय ‘आधी’ व ‘नंतर’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

पायरी २: यादी माणसांची करावी

आपल्याकडील नोंदी बहुधा आजारवार असतात, कारण कार्यक्रमच आजारवार आले. हृदयरोग, मधुमेह, कर्करोग आणि पक्षाघात यांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि २०२३ मध्ये त्याला असंसर्गजन्य आजारांचा व्यापक कार्यक्रम असे रूप मिळाले, पण गावपातळीवरील वह्यांची सवय त्याआधीची आहे. या सवयीचा मोजमापावर काय परिणाम होतो, ते एका हिशोबाने दाखवतो.

समजा, बीपीच्या वहीत ४०० नावे आहेत, शुगरच्या वहीत ३०० आणि त्यांपैकी १८० नावे दोन्हीकडे आहेत. तुमच्याकडे ७०० रुग्ण नाहीत, ५२० आहेत. आता या १८० जणांपुरते पाहिले असता ६० टक्क्यांचा रक्तदाब आणि ४५ टक्क्यांची शुगर नियंत्रणात आढळली, तर दोन्ही नियंत्रणात असलेले किती? दोन वेगळ्या वह्यांवरून एवढेच सांगता येते की ते किमान ५ टक्के आणि कमाल ४५ टक्के आहेत, म्हणजे ९ माणसे किंवा ८१ माणसे किंवा मधला कोणताही आकडा. रुग्णकेंद्री सेवेला नेमका हाच आकडा हवा असतो आणि आजारवार वहीतून तो कधीच निघत नाही.

उपाय साधा आहे. एका माणसाला एक ओळ द्यावी आणि आडव्या रकान्यांत त्याचे सर्व आजार, औषधांची संख्या, शेवटच्या भेटीची तारीख व ठरलेले उद्दिष्ट लिहावे. ५० ते १०० रुग्णांपर्यंत दुहेरी रेघांची मोठी वही पुरते, त्यापुढे एक्सेलची शीट करावी. वरिष्ठ कार्यालयाला जाणारा आजारवार अहवाल या यादीतून काढता येतो. उलट दिशेने जाता येत नाही. ही यादी कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. ‘फक्त आपल्या स्टाफचा ग्रुप आहे’ या सबबीखाली लोकांचे आजार गावभर झालेले मी पाहिले आहेत.

पायरी ३: सुरुवातीची स्थिती, म्हणजे पिशवी उघडणे

बदल सुरू करण्यापूर्वी चार ते सहा आठवडे केवळ मोजण्यासाठी ठेवावेत. उत्साहाच्या भरात हा टप्पा वगळला जातो आणि नंतर तुलना करायला काहीच हाताशी नसते. सर्व रुग्ण मोजणे शक्य नसेल, तर यादीतील दर पाचवा किंवा दहावा असे ३०-४० जण निवडावेत. समोर दिसतील त्यांना निवडू नये, कारण समोर दिसणारे रुग्ण हे नियमित येणारे असतात.

या टप्प्यात एक काम आवर्जून करावे. पुढच्या भेटीला येताना घरातील सगळी औषधे आणायला सांगावे, अगदी फ्रिजवरच्या डब्यातली आणि देव्हाऱ्याजवळ ठेवलेलीसुद्धा. किराणा दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून ती टेबलावर येतात: कापलेल्या स्ट्रिप्स, ज्यांवर नावाचा अर्धाच भाग उरला आहे, वेगवेगळ्या दोन डॉक्टरांनी लिहिलेली, दोन कंपन्यांची, पण आत टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचे एकच औषध असलेली पाकिटे, गुडघ्यांसाठी मेडिकलमधून मागून घेतलेली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी, पुतण्याने पुण्याहून पाठवलेले एखादे चूर्ण. त्या डायक्लोफेनॅकचा केस पेपरवर उल्लेख नसतो, आणि लघवीची गोळी व टेल्मिसार्टन यांच्या जोडीला ती बसली की मूत्रपिंडावर ताण येतो. अशा रुग्णाची क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) गेल्या वर्षभरात झाली आहे का, हा प्रश्न तिथेच विचारला जातो.

या पिशवीतून तीन आकडे मिळतात: घरात प्रत्यक्ष किती औषधे आहेत, केस पेपरवर किती आहेत, आणि दोन्हींत न जुळणारी किती आहेत. शेवटचा आकडा हे माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलके मोजमाप आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, तो लवकर बदलतो आणि तो पाहताना फार्मासिस्टपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना काहीतरी करावेसे वाटते.

पायरी ४: सात-आठ मोजमापे निवडावीत

आरोग्यसेवेचा दर्जा रचना, प्रक्रिया आणि फलित अशा तीन बाजूंनी पाहण्याची पद्धत अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडली, आणि आजही निवड करताना तीच उपयोगी पडते. रचनेत पाहावे की एकत्र यादी आहे का, सावकाश भेटीसाठी वेळ राखलेली आहे का. प्रक्रियेत पाहावे की किती जणांची औषधे पडताळली, किती जणांचे उद्दिष्ट लिहिले, किती मधुमेही रुग्णांची मूत्रपिंडाची तपासणी वर्षातून एकदा झाली. फलितात रक्तदाब आणि शुगर आलीच, पण त्यांच्या बरोबरीने रुग्णाचे उद्दिष्ट, त्याचा अनुभव आणि त्याच्यावरचा उपचारांचा भारही आला.

याला चौथी बाजू जोडावी: आपल्या कामामुळे काही बिघडत तर नाही ना? शुगर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्याचे प्रसंग, घरात पडण्याचे प्रसंग, आणि सावकाश भेटींमुळे बाहेरच्या रांगेला लागणारा जादा वेळ, यांपैकी निदान दोन गोष्टी मोजाव्यात. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू असलेल्या रुग्णाने नवरात्रात नऊ दिवस उपवास धरला आणि गोळी तशीच घेतली, तर शुगर एकाएकी उतरू शकते. त्या तिमाहीत ‘सरासरी शुगर सुधारली’ असे दिसले तरी ती सुधारणा नसते.

एकूण मोजमापे आठांच्या पुढे जाऊ देऊ नयेत. प्रत्येक नवा रकाना परिचारिकेच्या हातून भरला जातो, आणि पंधरा रकान्यांची वही तिसऱ्या महिन्यात घरी बसून, अंदाजाने भरली जाते.

उपचारांचा भार मोजण्यासाठी २०१२ पासून फ्रान्समधील संशोधकांची एक प्रश्नावली उपलब्ध आहे, पण आपल्याकडे एक साधा प्रश्नही बरेच सांगून जातो: गेल्या तीन महिन्यांत दवाखाना, तपासणी आणि औषध आणणे यांसाठी किती दिवस गेले? रोजंदारीवरच्या माणसाचा एक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी आणि एसटीचे जाऊन-येऊन भाडे. चार आजारांसाठी चार खेपा घालणाऱ्याच्या दोन खेपा झाल्या, तर ती खरी, मोजता येणारी प्रगती आहे, मग त्याची एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) तिथल्या तिथे असली तरीही.

पायरी ५: रुग्णाचे उद्दिष्ट मोजण्याजोगे करणे

नवख्यांना सर्वांत अवघड जाणारी पायरी हीच. ‘तुम्हाला काय हवे आहे?’ असे विचारले की उत्तर येते, ‘तुम्ही सांगाल तसे, डॉक्टर.’ हे उत्तर उद्दिष्ट म्हणून लिहू नये. प्रश्न फिरवून विचारावा: आजारपणामुळे कोणते काम सुटले आहे, जे पुन्हा करता आले तर बरे वाटेल? मग उत्तरे येतात. पंगतीला मांडी घालून बसायचे आहे, नातवाला शाळेत सोडायचे आहे, रात्री चार वेळा उठावे लागू नये, यंदा वारीला निदान एक टप्पा चालायचा आहे.

असे उत्तर आकड्यात आणण्यासाठी उद्दिष्टपूर्तीची एक मोजपट्टी १९६८ मध्ये किरेसुक आणि शर्मन या अमेरिकी संशोधकांनी मानसिक आरोग्याच्या कामासाठी तयार केली आणि पुढे ती वृद्धांच्या उपचारांतही रुळली. तिच्यात पाच पायऱ्या असतात, उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत, आणि शून्य म्हणजे ठरलेल्या मुदतीत वाजवीपणे अपेक्षित असलेली स्थिती. सुरुवातीला सांगितलेल्या आजींना एकटीने बाहेर पडायचे आहे असे धरू. त्यांच्या केस पेपरवर तीन महिन्यांसाठी पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

उणे २: घरातल्या घरातही भिंत धरून चालावे लागते.
उणे १: सोबत कोणी असेल तरच गल्लीच्या तोंडापर्यंत जाता येते (आजची स्थिती).
शून्य: मारुतीच्या देवळापर्यंत एकटीने, वाटेत एकदा टेकून.
अधिक १: देवळापर्यंत न टेकता जाऊन येणे.
अधिक २: आठवडी बाजार करून, पिशवी घेऊन एकटीने परत येणे.

या पाच ओळी लिहायला दहा मिनिटे लागतात, पण त्या लिहिताना उपचारांची दिशा आपोआप ठरते. चक्कर येते म्हणून आजी बाहेर पडत नाहीत, म्हणजे आधी उभे राहिल्यावरचा रक्तदाब पाहावा. बसलेल्या किंवा आडव्या स्थितीतून उठल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर औषधांचा फेरविचार करावा लागतो. पहाटेच्या चकरेमागे शुगर उतरणे आहे का, तेही पाहावे. गुडघ्यांसाठी व्यायाम आणि काठी, आणि डायक्लोफेनॅकला पर्याय. चार आजारांच्या चार याद्या न होता एका उद्दिष्टाभोवती काम जुळून येते.

येथे दोन पथ्ये पाळावीत. पायऱ्या भेटीच्या सुरुवातीसच लिहाव्यात. नंतर, निकाल पाहून, त्या बदलू नयेत. आणि सर्व रुग्णांचे गुण एकत्र करून पाहावेत. उद्दिष्टे वाजवी ठरली असतील तर सरासरी शून्याच्या आसपास रेंगाळते. जवळपास सगळेच अधिक दोनवर पोचले असतील, तर पाठ थोपटून घेण्यापूर्वी उद्दिष्टे फार सोपी ठरवली नाहीत ना, ते तपासावे.

पायरी ६: आकडा खरा आहे का ते पाहावे

आमच्या दवाखान्यात सुरुवातीचे बीपीचे आकडे मोठ्या उमेदीने मांडले, आणि मांडताना लक्षात आले की जवळपास प्रत्येक नोंद शून्याने संपते: १३०/८०, १४०/९०, १२०/८०. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा असतात, त्यामुळे शून्याने संपणाऱ्या नोंदी साधारण पाचात एक असायला हव्यात. डिजिटल यंत्रावर दहात एक. आमचे सगळेच शून्य म्हणजे कोणीतरी कानाने ऐकून अंदाजाने गोल आकडा लिहीत होते. चूक एकट्या परिचारिकेची नव्हती. रांगेत साठ माणसे उभी असताना पाच मिनिटे बसवून, पाय जमिनीला टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा बीपी घ्या असे सांगणाऱ्या आम्ही त्यासाठी खुर्ची कुठे ठेवली होती? रांगेच्या आधी दोन खुर्च्या आणि एक डिजिटल यंत्र ठेवल्यावर आकडे बदलले, आणि नियंत्रणात असलेल्यांचे प्रमाण घसरले. ती घसरण म्हणजे प्रगतीच होती, पण आलेखावर तशी टीप लिहिली नसती तर कोणाला कळले नसते.

शेवटचा अंक मोजणे ही दर तीन महिन्यांनी पाच मिनिटांत होणारी तपासणी आहे. त्याच वेळी १३८/८८ अशा, मर्यादेच्या जेमतेम आत असलेल्या नोंदींचा ढीग पडला आहे का, तेही पाहावे. एखाद्या आकड्यावर शाबासकी किंवा पैसे अवलंबून असतील तर असे ढीग पडतात. ब्रिटनमध्ये २००४ पासून फॅमिली डॉक्टरांना आजारवार निकषांवर पैसे देण्याची मोठी योजना आली, आणि स्कॉटलंडने ती २०१६ मध्ये बंद केली. त्यामागे कारणे अनेक होती, परंतु चार आजारांच्या माणसाला चार चौकटींत बसवण्याविषयीची नाराजी त्यात होतीच.

मर्यादा सर्वांना सारखी लावावी का, हा प्रश्न येथेच येतो. रक्तदाबासाठी १४०/९० च्या खाली हा कार्यक्रमाचा निकष सोपा आहे आणि तो ठेवावा. एचबीएवनसीच्या बाबतीत मात्र अनेक आजार असलेल्या वयस्क रुग्णासाठी अमेरिकी मधुमेह संघटनेचे मार्गदर्शनही सातऐवजी आठ टक्क्यांच्या खाली पुरेसे मानते. म्हणून ‘रुग्णाशी ठरवलेल्या स्वतःच्या मर्यादेच्या आत’ असे मोजमाप ठेवणे योग्य ठरते, फक्त ती मर्यादा तारखेसह आधी लिहिलेली असावी. एचबीएवनसी मागील दोन-तीन महिन्यांचे चित्र दाखवते, म्हणून ती तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात रुग्णाचे पैसे जातात आणि हाती काही लागत नाही.

पायरी ७: रुग्णाला विचारताना

अनुभव मोजण्याची तयार साधने आहेत. दीर्घकालीन आजारांच्या उपचारांबाबत रुग्णाचे मत विचारणारी, ‘पॅसिक’ या नावाने ओळखली जाणारी वीस प्रश्नांची प्रश्नावली अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मागील सहा महिन्यांविषयी विचारते. ‘कोलॅबोरेट’ ही तीनच प्रश्नांची आहे: तुमचे आजार समजावून सांगण्यासाठी किती प्रयत्न झाला, तुम्हाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी ऐकून घेण्यासाठी किती, आणि पुढे काय करायचे ते ठरवताना त्या गोष्टी धरण्यासाठी किती. व्यग्र ओपीडीत तीन प्रश्नच टिकतात. जीवनमानासाठी ‘ईक्यू-५डी’ आहे, ज्यात चालणे-फिरणे, स्वतःची कामे, नेहमीचे व्यवहार, वेदना आणि चिंता किंवा उदासी असे पाच विषय येतात. अशी साधने परवानगी घेऊन, अधिकृत भाषांतरातच वापरावीत.

साधनापेक्षा विचारणारा महत्त्वाचा. गोळ्या देणाऱ्याच माणसाने ‘सेवा कशी वाटली?’ असे विचारले तर आपल्याकडे एकच उत्तर मिळते: ‘चांगलीच आहे की, ताई.’ सगळे गुण पैकीच्या पैकी येतात आणि त्यांतून काही शिकता येत नाही. म्हणून उपचारांशी संबंध नसलेल्या व्यक्तीने, दवाखान्याबाहेर किंवा घरी विचारावे, आणि मताऐवजी घटना विचारावी. ‘मागच्या वेळी तुम्ही डॉक्टरांना कोणती अडचण सांगितलीत? त्यानंतर काय बदलले?’ ज्यांना एकही अडचण सांगितल्याचे आठवत नाही किंवा सांगूनही काही बदलले नाही, त्यांची संख्या हे मोजमाप शेकडा गुणांपेक्षा विश्वासार्ह असते. हे काम आशाताईंवर टाकण्याचा मोह होईल. पण गावात त्या दवाखान्याच्याच मानल्या जातात, हे ध्यानात ठेवावे.

उदासीविषयी दोन प्रश्नांची ‘पीएचक्यू-२’ चाळणी याच वेळी उरकता येते. सहापैकी तीन किंवा अधिक गुण आल्यास पुढील चौकशी करावी. ती करण्याची सोय नसेल, तर चाळणी लावूच नये.

पायरी ८: जे आले नाहीत ते

टक्केवारीत वरचा आकडा सगळे पाहतात, फसवतो तो खालचा. शंभर रुग्णांपैकी साठ आले आणि त्यांतील पंचेचाळीस नियंत्रणात आढळले, तर अहवालात ७५ टक्के लिहिले जाते. यादी धरली तर ते ४५ टक्के आहेत. भारतात नोव्हेंबर २०१७ पासून राबवल्या गेलेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने, ज्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते, तिमाहीत न आलेल्यांना वेगळे मोजण्याची शिस्त लावली. ती जशीच्या तशी उचलावी: नियंत्रणात, नियंत्रणाबाहेर आणि न आलेले, असे तीनच भाग, आणि तिन्ही मिळून यादी पूर्ण.

न येण्याची कारणेही मोसमाप्रमाणे बदलतात. बीड किंवा अहिल्यानगरच्या काही तालुक्यांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. आषाढात वारीचे दिवस असतात. पेरणीच्या आठवड्यात ओपीडी ओस असते. म्हणून जानेवारी-मार्चची तुलना मागील ऑक्टोबर-डिसेंबरशी न करता आदल्या वर्षीच्या जानेवारी-मार्चशी करावी. ऊसतोडीला जाणाऱ्याला निघण्यापूर्वी किती महिन्यांची औषधे आणि उपचारांची चिठ्ठी दिली गेली, हे तिथले खास मोजमाप होऊ शकते. स्थलांतरित आणि मृत रुग्णांची नावे खोडू नयेत. तारीख लिहून वेगळ्या रकान्यात न्यावीत.

पायरी ९: ठिपके मांडावेत

दर महिन्याला एक ठिपका, आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर प्रमाण. दहा-बारा ठिपके झाले की मधला आकडा काढून तिथे रेघ ओढावी. सलग सहा किंवा अधिक ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले, तर काहीतरी खरेच बदलले असे मानावे; एखादा ठिपका उंच गेला म्हणून पेढे वाटू नयेत. आलेखाचा कागद आणि पेन्सिल पुरते.

एका सापळ्याची नोंद येथे करायलाच हवी. सर्वांत वाढलेली शुगर असलेले रुग्ण निवडून त्यांच्यावर काम सुरू केले, तर पुढच्या मोजणीत त्यांची शुगर काही प्रमाणात आपोआप उतरलेली दिसते, कारण निवडीच्या दिवशी ती नेहमीपेक्षा चढलेली असण्याची शक्यता जास्त होती. लग्नसराईनंतरच्या आठवड्यात निवडले तर विचारूच नये. यावर उपाय दोन. निवडीनंतर आणखी एकदा मोजून तो दुसरा आकडा सुरुवात म्हणून धरावा; किंवा निम्म्या उपकेंद्रांत काम आज आणि उरलेल्यांत तीन महिन्यांनी सुरू करावे, म्हणजे थांबलेल्यांशी तुलना करता येते.

पायरी १०: अपेक्षा योग्य ठेवाव्यात

ब्रिटनमध्ये तीन किंवा अधिक दीर्घकालीन आजार असलेल्या रुग्णांसाठी नेमके हेच काम करून पाहणारी ‘थ्रीडी’ नावाची मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ३३ दवाखाने, १५४६ रुग्ण, दर सहा महिन्यांनी सर्वांगीण भेट. पंधरा महिन्यांनी जीवनमानात फरक आढळला नाही, उपचारांचा भारही कमी झालेला दिसला नाही. पण सेवा आपल्याला धरून झाली असा रुग्णांचा अनुभव स्पष्टपणे सुधारला. काहींनी याला अपयश म्हटले. मला ते तसे वाटत नाही, कारण माणसाला ऐकून घेणे हे स्वतःच सेवेचे एक फलित आहे. परंतु पहिल्या वर्षात एचबीएवनसी आणि जीवनमान दोन्ही झपाट्याने सुधारतील असे विश्वस्तांना किंवा जिल्हा कार्यालयाला आधीच सांगून बसू नये. साधारणपणे प्रक्रियेचे आकडे दोन-तीन महिन्यांत, न जुळणारी औषधे आणि अनुभव सहा महिन्यांत, रक्तदाब त्याच्या आगेमागे आणि बाकीचे त्यानंतर हलू लागतात, असे धरून चालावे.

पायरी ११: महिन्याची बैठक आणि रुग्णाचा कागद

महिन्यातून एकदा, अर्धा तास, सर्वांनी मिळून दोनच आलेख पाहावेत आणि एकच छोटा बदल ठरवावा. तो महिनाभर करून पाहावा आणि पुढच्या बैठकीत ठेवायचा की सोडायचा ते ठरवावे. बैठकीची सुरुवात एका रुग्णाच्या केस पेपरने केल्यास आकड्यांमागचा माणूस नजरेआड होत नाही. कोणाचे आकडे वाईट, यावर चर्चा गेली की पुढच्या महिन्यापासून आकडे सुंदर येऊ लागतात, म्हणून व्यक्तींची तुलना भिंतीवर लावू नये.

रुग्णालाही त्याचे मोजमाप मिळायला हवे. एका कागदावर उद्दिष्टाच्या पाच ओळी, गोळ्यांची यादी आणि मागचे तीन आकडे लिहून द्यावेत. वाचता न येणाऱ्यांसाठी सकाळच्या गोळीपुढे सूर्य आणि रात्रीच्या गोळीपुढे चंद्र काढावा. पुढच्या भेटीला तो कागद मागावा. घड्या झिजलेल्या, कोपऱ्यावर हळदीचे बोट उमटलेले असेल, तर तो घरात वापरात आहे. जसाच्या तसा कोरा करकरीत परत आला, तर घरात गोळ्या काढून कोण देते ते विचारावे आणि पुढच्या वेळी त्या व्यक्तीला सोबत बोलवावे.